बुरशी यावी म्हणून

ज्या मंगळवारी आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, कमरेच्या हाडातून तपासणीसाठी मगज काढला, त्याच मंगळवारी ते निपाणी सोडून टिळकवाडीला माझ्याकडे राहायला आले.

ताप कित्येक आठवडे हटत नव्हता. रक्तातल्या पेशी घटत चालल्या होत्या. मगजात बुरशी शिरली असावी अशी डॉक्टरांना शंका होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली खात्री होईना. म्हणून रक्त आणि मगज दोन्ही प्रयोगशाळेत कल्चरला ठेवलं. ही बुरशी सावकाश वाढते, महिना-दीड महिना लागेल, म्हणाले. निघाली तर औषध आहे. नाही निघाली तर पुढचा शोध कर्करोगाचा.

आमचं घर जैनांचं. पापडावर बुरशी दिसली तर आई तो पापड हलक्या हाताने सावलीत नेऊन ठेवायची, त्यात जीव असतो म्हणून. ती येऊच नये यासाठी पावसाआधी सगळे डबे उन्हात निघायचे. त्याच घरातली मी आता बुरशी यावी म्हणून देवापुढे बसू लागले.

कॉलेजच्या ग्रंथालयातलं काम आटोपलं की मी प्रयोगशाळेत डोकावायचे. तिथल्या बाई लांबूनच मान हलवायच्या. घरी आप्पा गॅलरीत बसलेले असायचे.

"उगवली काय गं?"

"न्हाय अजून."

"मग आमच्या तंबाखूचं बी बरं की, धा दिवसांत उगवतंय."

शिक्षणासाठी मी निपाणी सोडल्यापासून आम्ही दोघं इतके दिवस एका घरात राहिलो नव्हतो. संध्याकाळी ते कन्नड पेपर मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक बातमी मला मराठीत समजावून सांगायचे. मला कन्नड येतं हे त्यांना ठाऊक होतं. मी मध्ये बोलायचे नाही.

एकदा वाचता वाचता थांबले. "उगवली तर तिला मारायचीच काय?"

"आप्पा, तंबाखूवर फवारताना कधी विचारलं न्हाईसा!"

"ते तुझ्या फीसाठी गं. निम्मं पाप तुझं." आणि खोकला येईपर्यंत हसले.

त्या दिवसांत ते गेले तर काय, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते. आता आठवतात ते मात्र तेच दिवस.

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी वाचनकक्षात होते. रक्तात काही निघालं नव्हतं, मगजात बुरशी आली होती. "आली? खरंच आली?" मी इतक्या मोठ्याने विचारलं की वाचणारी मुलं माझ्याकडे बघू लागली.

आप्पांनी ऐकून क्षणभर हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, "लावा म्हणावं सलाईन."

औषधाने ताप उतरला. अंगात जोर आल्यावर एका सकाळी ते निपाणीच्या बसमध्ये बसले. त्यानंतर तीन वर्षं जगले, आणि गेल्या मार्गशीर्षात झोपेतच गेले.

निपाणीचं घर आणि शेत भाऊ बघतो. टिळकवाडीत मी एकटी राहते. आप्पा राहिले त्या खोलीत आता पुस्तकं आहेत.