हळूबाईंचं बिनपाटीचं कपाट

आमच्या वाचनालयातल्या बाईंना सगळे हळूबाई म्हणत. त्यांनी कधी कुणाला ‘गप्प बसा’ म्हटलं नाही; नुसतं ‘हळू’ म्हणायच्या. तेही इतकं हळू, की ते ऐकायला आधी गप्प बसावंच लागे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिसरीत होते आणि माझ्या आईबाबांचा घटस्फोट चालू होता.

हे अर्थात मला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाबा बसडेपोत मेकॅनिक. ते डेपोजवळच्या एका खोलीत राहायला गेले तेव्हा आई म्हणाली, “त्यांना रात्रपाळी लागलीय.” रात्रपाळीला जाताना कुणी उशी आणि छत्री घेऊन जात नाही, एवढं मलाही कळत होतं. पण विचारलं की आई आणि आजी, दोघींच्या तोंडात मिठाची गुळणी.

मग वकिलांनी ठरवलं की दर शनिवारी दुपारी बाबांनी मला भेटायचं. कुठे, यावरून पुन्हा वाद. बाबांची खोली आईला नको, आमचं घर बाबांना नको. शेवटी वाचनालय ठरलं, कारण तिथे भांडता येत नाही.

तिथल्या मुलांच्या खोलीत खुर्च्या बुटक्या. बाबा बसले की त्यांचे गुडघे कानाला लागायचे. ते विचारायचे, “शाळा कशी चाललीय?” मी म्हणायचे, “बरी.” मग आम्ही दोघं वरच्या पंख्याकडे बघत बसायचो.

असे दोन-तीन शनिवार गेल्यावर हळूबाई एक चित्रांचं पुस्तक घेऊन आल्या आणि त्यांनी ते माझ्या नाही, बाबांच्या हातात दिलं. “मोठ्यांनी वाचून दाखवायचं आहे हे,” एवढंच बोलून त्या लांबच्या मांडणीपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून, आधीच नीट लावलेली पुस्तकं पुन्हा लावू लागल्या.

पुस्तक एका खारीच्या पिल्लाचं होतं. त्याची आई एका झाडावर, बाबा दुसऱ्या झाडावर. बाबांचं वाचन म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरची बस. दर शब्दाला थांबा. एका पानावर ते पिल्लू विचारतं, “हे माझ्यामुळे झालं का?” तिथे आमची बस बंदच पडली.

“वाच ना. मग त्याची आई काय म्हणाली?”

“नाही म्हणाली.”

“आणि आपल्याकडे?”

बाबांनी पुस्तक गुडघ्यावर उपडं ठेवलं. “आपल्याकडेही नाही. आईचं आणि माझं पटत नाही, म्हणून आम्ही वेगळे राहणार आहोत. कायमचे. त्यात तुझं काहीच चुकलेलं नाही. बाबा तर मी तुझाच आहे, ते काही बदलत नाही.”

मी भोकाड पसरलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून माझं तोंड पुसलं. रुमाल डेपोतला होता. आई न्यायला आली तेव्हा मी डोळ्यांनी लाल आणि नाकाने काळी होते. तरी कित्येक दिवसांनी मला हलकं वाटत होतं.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. “तिला सांगायची काय घाई होती?” जिन्यातच तिचा आवाज चढला. तेव्हा हळूबाईंनी तिला आतल्या टेबलाशी नेऊन पाणी दिलं. तिथे काय बोलणं झालं ते आईने मला पुढे, मी मोठी झाल्यावर सांगितलं.

बाईंचाही घटस्फोट झाला होता. मुलगा तेव्हा लहान. वडील बोटीवर कामाला गेलेत, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं. पोराने शाळाभर बोटीच्या गोष्टी सांगितल्या. आणि एक दिवस वर्गातल्या कुणीतरी त्याच्या वडिलांना भाजीबाजारात वांगी निवडताना पाहिलं.

“घरी येऊन तो रडला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं,” बाई म्हणाल्या. “पण त्यानंतर मी ‘बाहेर पाऊस आहे’ म्हटलं तरी तो खिडकीशी जाऊन बघून यायचा. पुढे कधीतरी मी त्याची माफी मागितली. आता आमचं छान आहे. पण मधली वर्षं कुठून परत आणू?”

मग त्यांनी आईला एक कपाट दाखवलं. बागकाम आणि स्वयंपाक यांच्या मधलं. वेगळं व्हायचं ठरलं की मुलांना ते कुणी आणि कसं सांगावं, कज्जा चालू असताना घरात काय बोलू नये, दोन घरांत वाढणारं मूल, सावत्र आई, आजी-आजोबा. एकेक करून बाईंनी जमवलेली पुस्तकं. त्या कपाटाला पाटी लावा, असं कार्यकारिणीने सांगून पाहिलं होतं. बाई म्हणाल्या, “त्या पाटीखाली उभं राहायची छाती कुणाची होणार? बागकामाचं पुस्तक बघताबघता माणसाने हात जरा लांब करावा, बस.”

आईनेही तसंच केलं. वर गुलाबाच्या कलमांचं पुस्तक, खाली त्या कपाटातलं. आमच्याकडे तेव्हा एक कुंडीसुद्धा नव्हती.

त्या रविवारी आईने मला जवळ घेऊन सगळं पुन्हा, स्वतःच्या तोंडून सांगितलं. आजीलाही एक पुस्तक आलं. “या वयात मला काय शिकवताय!” म्हणत तिने ते भिंग लावून पूर्ण वाचलं. तेव्हापासून माझ्यादेखत ‘तो मेला’ बंद झालं आणि ‘तुझे बाबा’ सुरू झालं. स्वयंपाकघरात पुटपुटणं चालू होतं, पण ते भांड्यांना उद्देशून.

बाईंनी मला मात्र एक जाडजूड साहसकथा दिली. प्रत एकच. आठवडाभर आई वाचून दाखवणार, शनिवारी बाबा. त्यामुळे झालं काय, की वकिलांशिवाय एक शब्दही न बोलणाऱ्या बाबांना जिन्यात आईला विचारावंच लागलं, “कुठवर आलंय?”

“गुहेपाशी. आणि चोर कोण ते तिला सांगू नकोस, मी पुढचं वाचलंय.”

“मीसुद्धा. शेवटचं पान चोरून बघितलं,” बाबा म्हणाले. आई खुदकन हसली.

त्या हसण्यावर मी बरेच मनोरे बांधले. ते टिकले नाहीत. घटस्फोट झाला. पण माझ्यावरून ओढाताण झाली नाही. दहावीच्या निकालाला दोघं आली, माझ्या आजारपणात आळीपाळीने जागली. बाबांनी दुसरं लग्न केलं, तेही मला आधी सांगून. नव्या आईला मी मावशी म्हणते, आणि ती बिचारी सगळ्या सिनेमांतल्या सावत्र आयांचं नाव बुडवते.

हळूबाई निवृत्त झाल्या तेव्हा वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कोण कशासाठी आलंय हे कुणी कुणाला विचारलं नाही. आई चष्म्याच्या दुकानात काम करते. तिने स्वतः भिंगं बसवून बाईंना नवा चष्मा केला होता. चौकट बाबांनी आणि मावशीने निवडली होती. माझा भाषण करायचा बेत होता, पण झालं एकच वाक्य. म्हटलं, “बाई, तुमच्यामुळे आम्हाला एकमेकांशी खरं बोलता आलं.”

बाईंनी चष्मा घातला, समोरच्या गर्दीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही सगळे किती मोठे झालात! मला वाटत होतं, चेहरे ओळखू येत नाहीत ते माझीच नजर कमी झालीय म्हणून.”

लोक खूप हसले. त्यांचा मुलगा शेवटच्या रांगेत लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता. तोही हसत होता.