ताईच्या कॅप्सूल आणि माझं चित्र

डोकं दुखतं म्हणून आपण गोळी गिळतो, ती जाते पोटात... मग तिला डोक्याचा पत्ता कोण सांगतं? हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल. उत्तर असं, की कुणीच सांगत नाही. गोळी रक्तातून सगळीकडे हिंडते आणि नको तिथेही काम करते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, डहाणूजवळच्या नरपड गावी, माझ्या मोठ्या बहिणीच्या हातांवर मी हे पाहिलं. दम्याच्या गोळ्यांनी ताईचा श्वास मोकळा व्हायचा, पण हात असे थरथरायचे की तिला सुईत दोरा ओवता येत नसे.

म्हणून डहाणूच्या डॉक्टरांनी नवं औषध दिलं. श्वासावाटे ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल आणि सोबत एक छोटं प्लॅस्टिकचं यंत्र. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, तेव्हा समजावण्याचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं.

वहीत फुप्फुसं काढली, श्वासनलिकेच्या फांद्या रंगवल्या. औषध थेट दुखण्याच्या जागी पोचतं, म्हणून गोळीच्या विसाव्या हिश्श्यात भागतं... तासभर बोललो. "समजलं ना?" असं विचारल्यावर ताई म्हणाली, "समजलं रे मास्तर, चहा गार झाला तुझा."

आठ दिवसांनी शाळेत भावोजींचा फोन आला, "असाल तसे या."

ताई पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. प्रत्येक श्वासाला गळ्याशी खड्डा पडत होता. भावोजी रिक्षा आणायला गेले होते.

"औषध घेतलंस?"

"आत्ताच... दोन... घेतल्या."

मग गुण का नाही? माझी नजर तिच्या शेजारच्या पाण्याच्या पेल्यावर गेली. मग समोरच्या शोकेसवर... यंत्र तिथे होतं, खोक्यासकट, धूळ लागू नये म्हणून जपून ठेवलेलं.

ताई आठ दिवस, न चुकता, कॅप्सूल गिळत होती! आणि मी त्या तासाभरात यंत्राला हातही लावला नव्हता.

मी खोकं उघडून ते बाहेर काढलं. कॅप्सूल बसवली, यंत्र फिरवलं. "तोंडाने ओढ, जोरात... आता धरून ठेव." पहिल्या खेपेला ती नुसती खोकली. दुसऱ्या खेपेला आत कॅप्सूल खुळखुळली, आणि मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. पाच मिनिटं... सात... दहाव्या मिनिटाला तिचे खांदे जरा खाली आले.

रिक्षा दारात आली तेव्हा तिने पहिलं सलग वाक्य उच्चारलं, "एवढी झाडं-फांद्या काढल्यास, गिळू नको एवढं सांगायला काय झालं होतं?"

तरीही तिला डॉक्टरांकडे नेलंच. परतताना रिक्षात वाटभर ती मला बोलत होती, आणि तिचं ते न थांबता बोलणं मी कृतज्ञतेने ऐकत होतो.

तेव्हापासून मी "समजलं का?" विचारत नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. तुमच्या घरात कुणाचं नवं औषध सुरू झालं असेल, तर पुढच्या डोसच्या वेळी समोर बसा. "कसं घेता ते मला दाखवा," एवढंच म्हणा... आणि मग गप्प राहून बघा.