शाल, श्रीफळ आणि ताप

धाकट्या भावाला माझा बोनमॅरो देऊन दोन महिने झाले होते. रक्ताचा कॅन्सर मागे हटला, पण एक विषाणू जाईना. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून गुपचूप पडून असतो; भावाची प्रतिकारशक्ती शून्यावर आलेली बघून तो उठून बसला होता. औषधांना दाद देत नव्हता आणि आता डाव्या डोळ्यापर्यंत पोचला होता.

पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या रक्तातल्या काही पेशी या विषाणूला ओळखतात. तेवढ्याच वेगळ्या काढून त्याला देऊ. सोमवारी या. उशीर नको. तोवर फक्त आजारी पडू नका."

एवढं एकच काम होतं.

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात माणूस काही करायला निघाला की आधी त्याचा सत्कार होतो. शनिवारी काका दारात.

"आवं काका, अजून काहीच झालेलं नाही."

"झाल्यावर कोन बगतंय रं? फ्लेक्स लागलाय."

फ्लेक्सवर मी 'रक्तवीर' होतो, फोटो लग्नातला. नऊ भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यानं मला मिठी मारली. कारखान्याचे एक माजी संचालक शिंकत शिंकत निरोगी शरीराचं महत्त्व सांगत होते. नाही म्हणायला मला तोंड होतं. त्यात पेढा होता.

रविवारी संध्याकाळी ताप भरला. काका म्हणाले, "गोळी घे अन् जा गड्या. कुणाला कळतंय?"

गोळी हातात घेऊन मी अंगणात बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. मग डॉक्टरांना फोन केला. तापात रक्त घेता येणार नाही, म्हणाल्या.

भावालाही सांगितलं. त्यानं विचारलं, "दादा, भाषणं किती झाली?"

"नऊ."

"आणि तुझं?"

"दहावं."

"मग ताप येणारच." तो हसला. मला हसता आलं नाही.

ताप उतरून तपासण्या होईपर्यंत बारा दिवस गेले. घरी मी धड बसलो नाही, धड झोपलो नाही. शेवटी रक्त घेतलं, पेशी वेगळ्या झाल्या आणि बोटभर द्रव त्याच्या शिरेत गेला. पुढच्या महिन्याभरात विषाणू दर रिपोर्टला कमी होत गेला.

डाव्या डोळ्यापुढे मात्र एक काळा डाग राहिला आहे. भाऊ म्हणतो, तो तुझ्या तापाच्या आधीपासूनच होता. डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही.