दत्ताचा कान आणि माझा मीटर

दत्ता गेला त्या सकाळी मी जालन्यात, माझ्या दुकानात, एका मोठ्या मोटारसायकलला फ्यूल कंट्रोलर बसवत होतो. कुंभार पिंपळगावहून त्याच्या चुलतभावाचा फोन आला. गॅरेज उघडता उघडता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी खाली बसलो, डोळ्यांत पाणीही आलं. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, मनात दुसरंच येऊन गेलं... आता माझं गिऱ्हाईक तिकडं जाणार नाही. याला पाच आठवडे झाले. ते वाक्य काही मनातून निघत नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. दत्ताबद्दल चांगलं लिहायला बाकीचे पुष्कळ आहेत, मी त्याला तीस वर्षं पाण्यात पाहिलं.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालो. मी डिप्लोमा झालेला, दत्ता दहावीला गणितात आपटलेला. तेव्हा गाड्यांना कार्बोरेटर असायचे. हवेत पेट्रोल किती मिसळतंय हे बघायचं तर गाडी जोरात पळवायची, इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, विटकरी म्हणजे बरोबर. उस्ताद प्लग काढायच्या आधी आम्हाला विचारायचे. मी पुस्तकातलं आठवून काहीतरी ठोकून द्यायचो. दत्ता मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "पांढरा निघल." आणि पांढराच निघायचा. उस्ताद मला काही बोलायचे नाहीत, फक्त चहा आधी दत्ताला द्यायचे. माणसाला कशाचं वाईट वाटावं याला काही धरबंध नसतो. मला त्या चहाचं वाटायचं.

पुढं तो गावी गेला आणि मी जालन्यात दुकान टाकलं. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या व्यापाऱ्यांची पोरं महागड्या गाड्या घेऊ लागली होती. गाडी घेतली की सायलेन्सर बदलायचा, एअर फिल्टर बदलायचा ही हौस. त्यानं हवा वाढते आणि पेट्रोल तेवढंच राहतं. इंजिन उपाशी पळतं, तापतं आणि एखाद्या दिवशी पिस्टनला भोक पाडून घेतं. त्यावर इलाज म्हणजे सीटखाली बसणारी काडेपेटीएवढी डबी, तिला कंट्रोलर म्हणतात, ती जादा पेट्रोल सोडते. किती सोडायचं ते सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला सेन्सर आणि त्याला जोडलेला मीटर सांगतो. हा मीटर मी पुण्याहून आणला. माझ्या माहितीत तरी जिल्ह्यातला पहिला. आता कानाचे दिवस संपले, असं मी मनाशी म्हटलं होतं.

आठ दिवसांत दत्ता एसटीनं आला. लहान पोर नवं खेळणं बघतं तसा मीटरकडे बघत बसला आणि म्हणाला, "एक डाव चालू करून दाखव ना." मी म्हणालो, कंपनीची परवानगी नाही. अशी कुठली कंपनी नव्हती न् कुठली परवानगी. त्यालाही ते कळलं असणार, पण चहा पिऊन हसत गेला. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. मीटरचं काम निघालं की दुकानाचं शटर आतून ओढून घ्यायचं. कोणी आकडे बघून त्याला जाऊन सांगू नये म्हणून. एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याखाली, घामानं निथळत मी माझी विद्या राखत बसायचो.

उपयोग काही झाला नाही. वर्षभरात त्यानं कुठूनतरी जुना मीटर पैदा केला आणि आपला आपण शिकला. माझी गिऱ्हाइकं कंट्रोलर माझ्याकडून बसवून घ्यायची आणि तासा-दीड तासाची वाट तुडवून कुंभार पिंपळगावला जायची. "दत्ताभाऊला एकदा ऐकवून येतो," म्हणायची. लग्न मी लावायचं आणि आशीर्वादाला त्याच्याकडं.

टेंभुर्णीचा रामेश्वर त्यातलाच. त्याची साडेसहाशे सीसीची गाडी मी दोन दिवस खपून बसवून दिली. तोही ऐकवायला दत्ताकडे गेला. दत्तानं चक्कर मारली आणि गाडी परत दिली. दुसऱ्या दिवशी शहागडच्या पुढं, हायवेवर, भर वेगात इंजिन बसलं. पिस्टन वितळला होता. रामेश्वरनं गाडी टेम्पोत घालून थेट दत्ताच्या दारात नेली. दत्ता त्याला एवढंच म्हणाला, "चूक माझीच हाय." आणि पिस्टन बदलून दिला.

ही गोष्ट रामेश्वरनं मला सांगितली तेव्हा मला जे सुख झालं, तसं पोराच्या लग्नातही झालं नाही. पुढची तीन-चार वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला मी ती ऐकवली. कानावर भरवसा ठेवला की असं होतं बघा, असं शेवटी जोडायचो. एकदा तर एका लग्नात, पंगतीत, दत्ता समोर बसलेला असताना सांगितली. लोक हसले. दत्ता जिलबी खात होता. "खरं हाय," म्हणाला आणि वाढप्याला मठ्ठा मागितला. मी त्या दिवशी घरी आलो तो शीळ घालत.

चौदावा झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. भेटायला गेलो हे खरं, पण त्याचा मीटर विकत मिळतो का बघायला गेलो हेही खरं. त्यात त्यानं साठवलेले आकडे असतील, अशी आशा होती. त्याची मोठी मुलगी कावेरी गॅरेजात काम करत होती. बी.एस्सी. झाल्यापासून ती बापाबरोबरच असायची. मीटर द्यायचा नाही, गॅरेज मीच चालवून राह्यले, असं तिनं मला सरळ सांगितलं. मग चहा सांगून पुन्हा कामाला लागली. तिनं पाइपातून सेन्सर काढला, मीटर आणि बॅटरी उचलली आणि सगळं घेऊन रस्ता ओलांडून पार पलीकडच्या मोकळ्या वावराच्या कडेला जाऊन उभी राहिली. परत आल्यावर मी विचारलं, एवढ्या लांब कशाला गेलीस?

ती म्हणाली, "झिरो करायला, काका. शुद्ध हवा कशी असते ते त्याला आधी दाखवावं लागतं ना. इथं धूर असतो. बाबांचा नियमच व्हता. मागं एकानं बंद दुकानात, धुरातच झिरो केल्ता. मंग मीटरच खोटं बोलाय लागला. पेट्रोल जास्त दाखवायचा, म्हणून त्या माणसानं कमी केलं, अन् रामेश्वरभाऊंचा पिस्टन गेला. नवा पिस्टन घातल्यावर बाबांनी आपला मीटर लावून पाह्यला, तवा त्यांना हे उमगलं."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. त्या दिवशीचं शटर मला आठवलं. खाली ओढलेलं. आत नुकतंच बंद केलेलं इंजिन, डोळे चुरचुरावेत इतका धूर, आणि त्यात मी सेन्सर काढून हातात धरलेला...

"पण चूक माझी, असं दत्ता म्हणाला होता," मी कसंबसं म्हणालो.

"ते तसंच मानायचे. त्यांच्या कानाला आल्तं, गाडी कोरडी वाजून राह्यली, पेट्रोल कमी पडतंय म्हणून. पर गाडी मीटरवर बराबर लावलेली व्हती, म्हणून आपला मीटर तवा लावलाच न्हाई. मीटर लावणाऱ्याचा हात माझ्याहून पक्का, तो चुकायचा न्हाई, असं समजून गप बसले. माझा कान खरा मानाय पाहिजे व्हता, म्हणायचे." मग ती हसली. "कोण व्हता तो, म्या लई डाव विचारलं. नाव काही सांगितलं न्हाई त्यांनी."

दत्तानं आपल्याला एकदा तरी वरचढ म्हणावं, यासाठी मी तीस वर्षं जळत होतो. तो म्हणाला होता, घरात, मुलीजवळ... आणि ज्या कामासाठी म्हणाला ते काम चुकलेलं होतं. उरलेला चहा पिऊन निघून आलो. येताना पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर शोभेल, पण वाटला तो हेवाच. दुसऱ्याच्या हातावर इतका भरवसा टाकता येणं मला कधी जमलं नाही, त्याला सहज जमायचं.

रामेश्वर, तुझा पिस्टन दत्तानं घालवला नव्हता. आणि कावेरी, तू विचारत होतीस तो माणूस मीच, हे लिहिणारा.