शीतळा सातमीचा हांडवो आणि माझी हरकत

शीतळा सातमीला आमच्या घरी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधायचे आणि सातमीला गार खायचे, हा तापीकाठच्या आम्हा शेतकरी घरांचा नियम. नियमाला माझी हरकत कधीच नव्हती. हरकत आहे ती नियमाच्या आडोशाने चालणाऱ्या निष्काळजीपणाला, आणि ती मी येथे लेखी नोंदवीत आहे.

त्या श्रावणात पत्नी जुलाबाच्या आजारातून उठून पंधरवडाही झाला नव्हता. पुन्हा पोट बिघडले तर मूत्रपिंडांना झेपणार नाही, असे शहाद्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. तो कागद आजही माझ्या फाइलीत आहे. तरी तिने हांडवो केलाच. डाळ-तांदळाचे आंबवलेले पीठ, त्यात दही आणि भरपूर किसलेला दुधी, वर तिळाची फोडणी. खरपूस भाजला गेला, यात वाद नाही. मग तो वाफाळता हांडवो तिने स्टीलच्या डब्यात कोंबला, झाकण दाबले, डबा फडक्यात गुंडाळला आणि सातमीला पूजायच्या चुलीलगत ठेवला. चूल अजून ऊन होती.

मी म्हणालो, "आधी गार होऊ दे. मग फ्रीजमध्ये ठेव."

"फ्रीजात उष्टं-खरकटं असतं. तिथे नैवेद्य जायचा नाही. सासूबाई चुलीजवळच ठेवायच्या."

माझ्या आईच्या हांडव्यात दुधी नसे आणि तो टोपलीत, पातळ कापडाखाली राही, हे मी निदर्शनास आणले. युक्तिवाद ऐकूनही घेतला गेला नाही.

सकाळी झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होते. मी वास घेतला.

"पीठच आंबवलेलं, वास आंबट येणारच," पत्नी म्हणाली.

मान्य. म्हणूनच हांडव्याच्या बाबतीत आंबट वास हा पुरावा नव्हे. पण आंबटपणाखाली सडक्या केळ्यासारखा गोडसर दर्प होता. बुडाला बोट लावले तर बुळबुळीत. तुकडा मोडला तेव्हा दोन भागांमध्ये बारीक तारा लोंबल्या.

"तार सुटली आहे. हे नासले."

"तेल आहे ते! तुम्हाला काय कळतं?"

पूजेला आलेल्या शेजारच्या वहिनी हसल्या. "भाऊ, हांडवाले बी नोटीस देतस का तुम्ही?"

हांडव्यालाही नोटीस! कचेऱ्यांशी चालणाऱ्या माझ्या पत्रव्यवहारावर गावाने खुशाल हसावे. परंतु पत्नीने तेवढ्यात तुकडा उचलून कपाळाला लावला, आणि तो तोंडाकडे जाऊ लागला, तेव्हा मी तिचे मनगट धरले. लग्नानंतर इतक्या वर्षांत प्रथमच. तुकडा सोडवून घेतला, डबा उचलला आणि परसात खड्डा खणून सगळा हांडवो पुरला. म्हशीलाही दिला नाही.

"देवीचा नैवेद्य मातीत घातलात!" ती दारातून ओरडली. डोळ्यांत पाणी होते.

"देवीने तुला नासके खायला कधी सांगितले? कोणत्या पोथीत?" मीही ओरडलो. तो प्रश्न मी आजतागायत मागे घेतलेला नाही.

त्या दिवशी ती दोन केळ्यांवर राहिली. नंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. चारही दिवस तिचे पोट ठीक होते, आणि त्या अटीवर तो अबोला मी महिनाभरही सोसला असता.