कडेला दबलेली गादी

"काकी, ही तुमची गादी तुम्हीच घ्या," म्हणत मनीषाने हातगाडीवाल्याला गादी आमच्या दुकानाच्या पायरीवर टाकायला लावली. दुपारच्या जेवणानंतर दुकान उघडत होतो, शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. "महिना झाला नाही आणि एका बाजूने बसली. तुम्ही म्हणाला होता, दहा वर्षं बघायला नको!"

"म्हटलं होतं. अजून म्हणते. आत आण ती. रस्त्यात गादी उघडी टाकू नये, कुत्री बसतात."

माझा मुलगा विनय काउंटरवरून कानात कुजबुजला, "आई, बदलून देऊ सरळ. नाहीतर ऑनलाइन काहीतरी वाईट लिहील."

"लिहू दे. आधी गादी बघू दे मला."

लालबागला आमचं गाद्यांचं दुकान आहे. मी चौथी शिकले. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात कापूस भरायचो. मी खोळी शिवायचे आणि दाभणाने टाके घालायचे. आता कापूस मागणारे थोडे उरले. फोम, काथ्या, स्प्रिंग असं सगळं चालतं. खोळीचं कापड तेवढं अजून मी स्वतः हिंदमाताला जाऊन आणते, कारण विनयला कापड हाताला कळत नाही, फोटोवर कळतं.

या मनीषाचा नवरा अजित. माझगावला गोदीत क्रेन चालवतो. वजन एकशे चाळीस किलो. लहानपणी कबड्डी खेळायचा, खेळ सुटला, जेवण सुटलं नाही. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा दारातला उजेड गेला.

मी त्याला सरळ विचारलं, "घोरतोस? श्वास अडकतो? ते डॉक्टरला दाखव. गादीने ते बरं होत नाही."

"दाखवलं काकी. मशीन दिलंय, लावतो. श्वास ठीक आहे. पाठ राहत नाही. झोप होत नाही. परवा क्रेनवर डोळा लागला." एवढं बोलून तो खाली बघायला लागला. "दोन सेकंद असेल. खाली माणसं होती. साहेब म्हणाला, पुन्हा झालं तर तू खालीच राहायचं, वर चढायचं नाही."

म्हणजे प्रश्न पाठीचा नव्हताच. हुकाला टांगलेल्या लोखंडाखाली उभ्या असलेल्या माणसांचा होता.

जाड माणसाला लोक मऊ गादी देतात. कापसासारखी, बुडेल अशी. चूक. माणसाचं वजन सगळीकडे सारखं नसतं, कमरेत आणि खांद्यात जास्त असतं. मऊ गादीत कमर खाली जाते, पाय वर राहतात आणि पाठीचा कणा रात्रभर झोळीसारखा लोंबतो. एकदम कडक दिली तर कमरेखाली पोकळी राहते आणि खांदे दुखतात. दोन्हीच्या मधलं शोधायला माझ्याकडे एकच हत्यार आहे, माझा हात. गिऱ्हाइकाला उताणं झोपवायचं आणि कमरेखालून हात सरकवायचा. सरळ आरपार गेला तर गादी कडक. शिरलाच नाही तर मऊ. अडकत अडकत गेला तर बरोबर.

अजितला पहिल्यांदा विनयने स्प्रिंगवर झोपवलं, दिसायला भारी म्हणून. तो असा आत गेला की उठवायला विनय आणि हातगाडीवाला दोघे लागले. अजित हसत म्हणाला, "काकी, याच्यासोबत क्रेन पण द्या." मग काथ्यावर झोपवलं. माझा हात कोपरापर्यंत गेला. मग मी खाली रीबॉन्डेड लावली. म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला घट्ट थर, त्यावर उभं राहिलं तरी पाय रुतत नाही. त्यावर एचआर फोम, दाबला की लगेच वर येणारा. डेन्सिटी चांगली, म्हणजे आतून भरीव, हवा कमी. हात अडकत अडकत गेला.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

अजित झोपला होता.

भर दुपारी, दुकानात, बाहेर हॉर्न वाजत असताना. मी आयुष्यभर माणसांना गाद्यांवर झोपवलं. खरंच झोपलेला माणूस दुकानात कधी बघितला नव्हता. भाऊच्या धक्क्याला भरती आली की लहान होड्या हलतात, पण मोठी लाँच हलत नाही, नुसती उचलली जाते. तसं त्याचं ते सगळं अंग उचललं जायचं आणि खाली बसायचं. दुकानात दुसरं एक जोडपं उशा बघत होतं, तेसुद्धा गप्प उभं राहिलं. विनयने मोबाईल सायलेंट केला. देवळात कोणी न सांगता आवाज खाली येतो ना, तसा आमचा आला. मनीषा तोंडाला पदर लावून म्हणाली, "दोन वर्षं झाली हा असा झोपून."

ती गादी मी स्वतः उभी राहून बनवून घेतली. आणि आता ती माझ्या पायरीवर परत आली होती.

आम्ही ती फरशीवर टाकली. मी आणि विनयने दोन टोकांना सुतळी ताणून धरली. गादी बसली असेल तर सुतळीखाली खड्डा दिसतो. मधोमध काही नव्हतं. नवी कोरी. पण एका लांब कडेला, हातभर रुंदीची पट्टी दबलेली होती. नीट, डोक्यापासून पायापर्यंत.

"बघा!" मनीषा म्हणाली.

"बघतेय. तू झोपतेस याच्यावर?"

"जागा कुठे असते? मी आणि मुलगी खाली. सासूबाई आत ओट्याजवळ. पलंगावर तो एकटाच."

मला ते काही पटेना. एकटा माणूस, एवढा पलंग, आणि हा कडेला का झोपतो? हलका माणूससुद्धा मध्ये झोपतो. हा तर कडेवरून पडला तर खालच्या मजल्यावर जाईल. गादीचं काही चुकलं असतं तर मध्ये चुकलं असतं. ही गादी मध्ये वापरलीच गेली नव्हती.

"चल," मी म्हणाले, "तुझा पलंग दाखव."

त्यांची खोली आमच्या मागच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. अजित फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आला होता. डोळे लाल. मला दारात बघून उभाच राहिला.

"काकी, तुम्ही कशाला जिने चढलात? मी येणार होतो दुकानात. बसा ना, खुर्चीवर बसा. पलंगावर नका बसू."

पलंगावर नका बसू! गादीवालीला!

त्याची आई आतून चहा घेऊन आली. वाकलेली म्हातारी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मालवणची. "बस गो बाय," म्हणाली.

मी बसले नाही. पलंगावरची चादर उचलली. तो लाकडी खोक्याचा पलंग होता, वर फळी आणि पोटात सामान, मुंबईत घरोघरी असतो तसा. मी फळीच्या मध्यावर तळवा दाबला. फळी पाण्यासारखी हलली. अशा पलंगात फळीखाली मधोमध एक उभा आधार असतो, तो वजन घेतो. इथे तो नव्हता.

"आधार कोणी काढला?"

मी फळी उचलायला हात घातला तशी अजितने ती स्वतःच उचलली, एका हाताने.

आत जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं, जवळजवळ पलंगाएवढं. त्याने धोतर बाजूला केलं.

मी खूप वस्तू बघितल्या आहेत, मला पटकन काही वाटत नाही. पण मी खाली फरशीवरच बसले. गणपतीचं मखर होतं ते. पूर्ण बॉबिनचं. गिरणीत सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन असतात, त्या एकात एक बसवलेल्या, शेकड्यांनी. दोन खांब आणि वर कमान. कमानीत एक खिळा नाही. बॉबिनच्या भोकांतून वेत ओवून तो वाकवला होता, आणि प्रत्येक बॉबिन पुढचीपेक्षा केसाएवढी जास्त तासलेली, म्हणून ती रांग वळत वळत वर गेली होती आणि परत खाली आली होती. बोटं फिरवली तर सांधा लागत नव्हता. रंग उडालेला, पण आतलं लाकूड तेल पिऊन काळंभोर चकचकीत.

"ह्येच्या बापाशीन केल्यान," म्हातारी म्हणाली. "गिरणीत सुतार होते. टाकलेले बॉबिन घरी हाडीत."

"हे माळ्यावर होतं ना?" मनीषा नवऱ्याकडे वळली.

"माळा गळतो. दोन पावसाळ्यांपूर्वी खाली आणलं. कमान सुटी होत नाही, वेत जुना आहे, मोडेल. आडवं ठेवायला मधला आधार काढावा लागला."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"टाकून दे म्हटलं असतं! पाठीपेक्षा मोठं आहे का ते?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला आता ती दबलेली कड कळली होती, तरी मी त्याच्या तोंडून वदवून घेतलं. "मध्ये झोपलं की काय होतं?"

"फळी वाकते, कमानीला टेकते. म्हणून मी कडेला झोपतो, बाजूच्या लाकडावर वजन ठेवून. पण झोप लागली की मी मध्ये सरकतो. सरकलो की फळी कुरकुरते. कुरकुरली की जाग येते, आणि परत कडेला येतो."

"रोज?"

"रोज."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एकशे चाळीस किलोचा माणूस, आणि झोपेतसुद्धा आपलं वजन बापाच्या लाकडावर पडू देत नव्हता. झोपेत माणसाचा कशावर ताबा असतो? तोंड उघडं राहतं, हात कुठे पडतो कळत नाही. आणि हा दोन वर्षं कुरकुर ऐकून उठत होता. मी गाद्या विकत आले ती झोप म्हणजे अंग सोडणं असं धरून. अंग न सोडता झोपणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

तेवढ्यात म्हातारी पुढे आली. तिला सगळं आताच कळलं होतं. ती मखराकडे बघेना, मुलाकडे बघत होती.

"काप तां," ती म्हणाली. "कमान काप. मखर काय करूचा हा? माका माझो झील होयो."

झील म्हणजे मुलगा. अजित म्हणाला, "आये, गप."

"गप काय? तू वरसून पडलस तर? खाली कोण मेलो तर? घे करवत."

आणि मग मनीषा, जी आत्ता टाकून दे म्हणत होती, ती मखर आणि सासू यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. "कापायचं नाही. आई, तुम्ही बसा. कोणी करवत आणायची नाही या घरात."

तिघांचे डोळे भरले. मला रडारड झेपत नाही. मी म्हटलं, "रडायचं ते नंतर रडा. आधी टेप आणा."

उपाय अवघड नव्हता. पलंगाला खालून आधार देता येत नाही, कारण खाली मखर. मग आधार बाजूंवरून घ्यायचा. पलंग लांबीला मोठा, रुंदीला कमी. रुंदीत लोखंडी चौकोनी पाइप आडवे टाकले, दोन्ही टोकं बाजूच्या लाकडावर, तर मध्ये काही लागत नाही. आमच्या गल्लीतल्या वेल्डरला बोलावलं. त्याने अजितला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पाइप जवळ जवळ टाकतो." बाजूची लाकडंही त्याने लोखंडी पट्टीने बांधली. पाइप आणि कमान यांच्यात बोटं फिरतील एवढी जागा ठेवली. वर जाड प्लाय टाकला. पलंग वीतभर उंच झाला. म्हातारी म्हणाली, "आता माका चढूक शिडी होयी." पण तसं बघितलं तर अजितच्या गुडघ्यांना ते बरंच झालं. जाड माणसाला बुटक्या पलंगावरून उठताना गुडघे मारतात.

गादीची दबलेली कड मी उसवली. आत जास्त घट्ट फोमची पट्टी भरली, परत शिवली. हे काम मी विनयला दिलं नाही. मग ती पलंगावर टाकून अजितला झोपवलं आणि कमरेखाली हात घातला. अडकत अडकत गेला.

"मध्ये झोप," मी म्हणाले. "अगदी मध्ये. उडी मारलीस तरी चालेल."

"खाली…"

"खाली काही होत नाही. वेल्डर त्याच्यावर नाचून गेलाय."

तो हळूहळू मध्ये सरकला. कान देऊन ऐकत होता. काही कुरकुरलं नाही. तरी बराच वेळ त्याची एक मूठ कडेच्या लाकडावर होती. मी चहा संपवला तेव्हा ती सुटली.

दोन दिवसांनी मनीषाचा फोन. "काकी, तुमच्यामुळे गोंधळ झाला. फर्स्ट शिफ्ट चुकली याची. अलार्म वाजून वाजून बंद पडला, हा उठलाच नाही. धावत गेलाय. साहेब आता काय करतोय देव जाणे."

दिवसभर मला काही सुचलं नाही. हातातली शिवण तीनदा उसवली. एवढं करून नोकरी झोपेपायीच जायची की काय!

संध्याकाळी अजित स्वतः दुकानात आला. दारातला उजेड गेला.

"काय म्हणाला साहेब?"

"उशीर का विचारलं. झोप लागली म्हटलं. त्याने माझे डोळे बघितले. म्हणाला, घरी लागली ना? मग चढ."

"चढलास?"

"चढलो."

गणपतीत मी त्यांच्याकडे दर्शनाला गेले. बऱ्याच वर्षांनी मखर उभं होतं. कमानीत मूर्ती. पलंगाचं पोट त्या दिवसांत रिकामं. आरती होऊन गर्दी पांगली होती आणि अजित पलंगावर मधोमध आडवा पडून झोपला होता. मूर्तीसमोर समई आणि बाजूला हा डोंगर. येणारे लोक आधी देवाला हात जोडत आणि मग याच्याकडे बघून आवाज खाली आणत. त्याला कोणी उठवलं नाही. मीसुद्धा प्रसाद घेऊन चपला हातात धरून बाहेर आले.

आता जाड गिऱ्हाईक आलं की वजन मी नंतर विचारते. आधी विचारते, "पलंगात काय ठेवलंय?" लोकांना वाटतं म्हातारी भोचक आहे. आहेच. पण गादी कितीही चांगली असली तरी ती खालच्या फळीएवढीच चांगली, आणि फळीखाली काय आहे ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.