मावशी, डोळे मिचकाव

सडक अर्जुनीच्या बसस्टँडमागे एक पोरगा म्हाताऱ्यांची आयुष्मान कार्डं काढून देतो. सत्तरी ओलांडलेल्यांना या सरकारी कार्डावर दवाखान्यात मोफत उपचार मिळतात. कार्ड देताना तो प्रत्येकाला बजावतो, "भरती झाल्यावरच चालते हे. खोकल्याच्या औषधीले दाखवशीन त दुकानदार हासंन."

मागे माझ्या आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन या कार्डावाचून अडलं होतं. तिचा अंगठा मशीनवर उमटेना, म्हणून चेहऱ्यावरून ओळख पटवायला त्याने मोबाईल तिच्यासमोर धरला.

"मावशी, डोळे मिचकाव."

"परक्या माणसाले डोळा मारू का मी?" आई भडकली.

तो हसला नाही. त्याने मोबाईल माझ्या बाबांच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आईने बाबांकडे पाहिलं, लाजली आणि डोळे मिचकावले. मोबाईलने तिला लगेच ओळखलं. त्याने वळून कार्ड छापलंसुद्धा, तरी बाबा मोबाईल खाली ठेवेनात.

"बराबर नाही आलं वाटते. एकडाव आणखी मिचकाव."

आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने छापलेलं कार्ड हळूच फाइलीखाली सरकवलं.

"हो मावशी," तो गंभीरपणे म्हणाला, "मशीनच तशी आहे. मिचकाव."